सोळा फूट

एप्रिल संपता संपता कूलरच्या ताट्या बदलल्या. एरवी आम्ही वुडवूलच्या, म्हणजे लाकडाच्या किसाच्याच घेतो. स्वस्त पडतात, आणि बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी सगळ्याच ताट्यांची शेवटी सारखीच गत होते. यंदा मी हट्टानं खसच्या घेतल्या. दुकानदारानं गठ्ठ्यातून एक ओढून काढली आणि पत्र्याच्या त्या तापलेल्या दुकानातली हवाच बदलली. लहानपणी माठात वाळ्याची पुरचुंडी असायची, तिचा वास. घरी आणून बसवल्या, पंप सुरू केला. पहिल्या फेरीचं पाणी टाकीत उतरलं ते पार गढूळ. ओतून टाकलं, पुन्हा भरलं, पुन्हा गढूळ. शेवटी पंप बंद करून टाकीत हात घातला, तर तळाशी गाळ बसलेला. मऊ, चिकट, बोटात चोळला की मधूनच वाळूचे कण चमकणारा. जाळीतून सुटलेली एक बारीकशी मुळी त्यात अडकली होती आणि तिच्या टोकाला अजून मातीची गुठळी धरलेली होती. ती गुठळी मला काही केल्या सुटेना. पाण्यात हलवली, नखानं खरवडली, तरी थोडी उरलीच. वाळलेली, तोडलेली, तारेच्या जाळीत कोंबलेली मुळी, आणि अजून माती सोडायला तयार नाही.

घर मात्र वासानं भरून गेलं होतं.

वाळा, म्हणजेच खस, हे गवताचं मूळ, हे आपल्याला माहीत असतं आणि आपण त्याचा कधी विचार करत नाही. वरचं गवत दिसायला साधं असतं, माणसाच्या उंचीचं, कडक पात्यांचं, आणि त्याला वासबीस काही नसतो. ते ओढ्या-नाल्यांच्या, नद्यांच्या काठानं ठोंबाठोंबानं वाढतं. हराळी जमिनीच्या वरच्या थरात आडवी पसरते. वाळ्याचं मूळ सरळ खाली जातं, दोन-तीन मीटर, कधी चारसुद्धा. जाडी मिलिमीटरभरही नसते, पण ताण सोसायची ताकद सरासरी ७५ मेगापास्कल मोजलेली आहे, म्हणजे आपल्या साध्या पोलादाच्या साधारण सहाव्या हिश्श्याएवढी. अशी शेकडो मुळं एका ठोंबाखाली. आणि ती हवी असतील तर अख्खा ठोंब खणून काढावा लागतो. शेतात लावून काढलेली खस असेल तर हरकत नाही, ते पीकच आहे. पण काठावरचा रानटी ठोंब खणला की तिथं खड्डा उरतो, तोही नेमका पुढच्या पावसाळ्यात पाणी येऊन थडकणार तिथं. माझ्या ताटीतली खस यातली कुठली, हे दुकानदाराला विचारलं होतं. ‘माल बाहेरून येते, मॅडम,’ एवढंच तो म्हणाला.

हे सगळं एवढं खुपायचं कारण आमच्या घरामागे आहे. आमचा लेआऊट नागपूरच्या नैर्ऋत्येला, नाल्याला पाठ करून बसलेला. नाला पुढं आणखी दोन नाल्यांना मिळून शेवटी नाग नदीत जातो. आठ महिने त्यात सांडपाण्याची एक काळी धार असते, डुकरं असतात, काठानं बेशरमची जांभळी फुलं असतात, आणि विजेच्या तारेवर बसून त्या घाणीकडं मोठ्या आशेनं बघणारा एक खंड्या असतो. उरलेले चार महिने तो खरा नाला असतो. लेआऊट गुंठेवारीतला, प्लॉट तीस बाय पन्नासचे. आम्ही घर बांधलं तेव्हा कंपाउंडच्या भिंतीपासून काठापर्यंत एक बैलगाडी जाईल एवढी मोकळी पट्टी होती. पोट्टे तिथं गोट्या खेळायचे. आता तिथून मांजर जाते, तेही भिंतीला अंग घासून.

२३ सप्टेंबर २०२३ ची ती पहाट नागपुरात कुणाला सांगायला नको. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदी घराघरांत शिरली, तिच्या काठच्या संरक्षक भिंती ठिकठिकाणी कोसळल्या. आमचा नाला अंबाझरीच्या वाटेवर नाही, म्हणून आम्ही वाचलो. पाणी मागच्या दाराच्या पायरीपर्यंत येऊन थांबलं. रात्रभर टॉर्च घेऊन आम्ही मागच्या खोलीच्या खिडकीत उभे. विजा चमकल्या की नाल्यातून वाहणारी टायरं, पाण्याच्या टाक्या, एक अख्खं पत्र्याचं दार दिसायचं. आणि काठ मात्र जागच्या जागी होता. तो पडला पाणी ओसरल्यावर. ऊन पडलं होतं, लोक घरातला चिखल काढत होते, कुणीतरी चहा फिरवत होतं, आणि मागून धप्प असा आवाज आला. आवाज मोठा नव्हता. शेजारच्या कंपाउंडखालची माती एका तुकड्यात निसटून नाल्यात बसली होती आणि भिंतीचा पाया हवेत तरंगत होता. पूर आला तेव्हा टिकलेला काठ पूर गेल्यावर का पडावा, हे त्या दिवशी आमच्यापैकी कुणाला कळलं नाही. साहेबांना कळलं.

साहेब म्हणजे आमच्या समोरच्या घरातले. पाटबंधाऱ्याच्या कामात आयुष्य घालवून निवृत्त झालेले इंजिनिअर, म्हणून सगळा लेआऊट त्यांना साहेबच म्हणतो. ते काठी घेऊन आले, पडलेल्या मातीचा कापलेला भाग बघत उभे राहिले आणि म्हणाले, ‘वहिनी, पाणी होतं तोवर पाण्यानंच याला टेकू दिला होता. माती आतून पूर्ण भिजलेली, जड झालेली. पाणी भर्रकन उतरलं, टेकू गेला. आतलं पाणी एवढ्या लवकर बाहेर पडतंय का? काळी माती आहे ही.’ मग त्यांनी काठीनं वर दाखवलं. काठाच्या कडेपासून हातभर आत, कडेला समांतर, एक लांब भेग गेली होती. ती मे महिन्यातली. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात एवढी फाटते की भेगेत कोपरापर्यंत हात जातो, आणि पावसात फुगून पुन्हा मिटते. मिटायच्या आत पाणी खोल उतरलं की तो तुकडा मागच्या मातीपासून सुटाच होऊन बसलेला असतो. खाली नाल्याच्या धारेनं काठाचा पायथा खाल्लेला. वरून भेग, खालून पोकळ. पडायला फक्त निमित्त हवं.

नागपूर एका विचित्र जागी वसलंय. शहराच्या पश्चिमेला दख्खनचा काळा बसाल्ट संपतो आणि पूर्वेला त्याहून कितीतरी जुना खडक सुरू होतो. सीताबर्डीची टेकडी काळ्या दगडाची, आणि कन्हानकडं गेलं की जमिनीचा रंगच वेगळा. काळी माती त्या बसाल्टची लेक. आणि गंमत म्हणजे अख्ख्या देशाच्या मातीचा अभ्यास करणाऱ्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोचं मुख्यालय आपल्याच गावात, अमरावती रोडवर आहे. त्याच्यासमोरून आपण रोज गाड्या हाकत जातो आणि घरी येऊन काठ का पडला म्हणून कपाळाला हात लावतो.

पुढच्या मे महिन्यात नालेसफाईचा जेसीबी आला. गाळ काढणं गरजेचंच होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण यंत्रानं गाळाबरोबर दोन्ही काठही वरपासून खालपर्यंत खरवडून काढले. बेशरम गेली, बरं झालं. तिच्याबरोबर कुंदा, लव्हाळा, निर्गुडीची दोन मोठी झुडपं, हराळीची सगळी गादी, असं सगळंच गेलं. काठ ताज्या भिंतीसारखा गुळगुळीत आणि उभा झाला. लेआऊटमधले लोक गच्चीवरून फोटो काढत होते. ‘किती स्वच्छ दिसतो आता!’ खरंच दिसत होता. त्या गर्दीत आमच्याकडं बागकामाला येणारे बाबा होते. ते कुहीकडचे, वैनगंगेच्या बाजूचे. त्यांनी विडी काढली, पेटवली नाही. ‘बाई, यानं त काठाची सालच काढली,’ ते म्हणाले. ‘झाडाची साल काढली का झाड वाचते का? आता पानी आलं का माती थांबाचीच नाई.’ आणि पहिल्याच मोठ्या पावसात तसंच झालं. काढलेल्या गाळापेक्षा जास्त माती काठावरून परत नाल्यात आली. पुढल्या वर्षी ती काढायला पुन्हा जेसीबी.

बाबांचं बोलणं ऐकून मला काटोलकडचं आजोळ आठवलं. संत्र्याचा बगीचा नाल्यापर्यंत होता, पण नाल्याला लागून नव्हता. मधे रुंद धुरा होता आणि धुऱ्यापलीकडं शिंदीचं बन. शिंदीच्या पानांचे फडे बांधायला बाया यायच्या. आजोबा पानं नेऊ द्यायचे, खोडाला हात लावू द्यायचे नाहीत. आम्हा पोरांना वाटायचं, शिंदोळ्या खायला मिळाव्यात म्हणून आजोबा झाडं राखतात. बनात शिरलं की काटे टोचायचे, पायाखाली मुळांचं जाळं लागायचं, आणि त्या जाळ्यातून पाणी खळखळ न करता झिरपत जायचं. काठ तिथं उभा नव्हताच. बघता बघता जमीन उतरत जायची आणि कधी पाय पाण्यात गेला ते कळायचंही नाही. मामेभावानं पुढं ट्रॅक्टर घेतला. धुरा नांगरला, बन काढलं, संत्र्याच्या आणखी दोन ओळी बसवल्या. त्यातली काठाची ओळ आता नाल्यात आहे. मी त्याला बोलू शकत नाही, कारण त्या दोन ओळींच्या पैशांतून त्याच्या मुलीचं शिक्षण झालं आणि मी तिच्या पेढ्यांचा डबा घेतलेला आहे.

मग मी वाचायला लागले. वाचलं त्यातलं बरंचसं आजोबांचंच होतं, फक्त त्याला आता मोठी नावं आहेत. काठाचा उतार आधी कमी करायचा. पायथ्याशी, जिथं धार सतत घासते आणि कुठलंच रोप तग धरत नाही, तिथं अनगड दगड रचायचे. त्याच्या वर, उतारावर, काथ्याची जाळी अंथरून खुंट्यांनी ठोकायची. ती दोन-चार वर्षांत कुजून जाते, तोवर खालच्या रोपांनी माती धरलेली असते. जाळीच्या भोकांतून गवत. मध्ये मध्ये निर्गुडीच्या, वाळुंजीच्या जिवंत खुंट्या: अंगठ्याएवढ्या जाडीची फांदी, खालचं टोक तासलेलं, दोन हिस्से जमिनीत आणि एक हिस्सा वर, डोळे आभाळाकडं. पावसाच्या तोंडावर ठोकली की फुटते. अगदी वर, काठापासून थोडं मागं, करंज, जांभूळ, अर्जुन. मोठं झाड अगदी उभ्या कडेवर नको, वाऱ्यानं पडलं तर काठ सोबत घेऊन पडतं. आणि या सगळ्यांत आडव्या ओळीनं, उताराला काटकोनात, वाळा. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या माणसांनी या गवताचा प्रचार भारतातूनच सुरू केला; कर्नाटकातले शेतकरी ते आधीपासूनच शेताच्या हद्दीवर लावत होते. पुढं थायलंडच्या राजानं, भूमिबोल यांनी, ते आपल्या देशभर लावायला घेतलं. तिकडच्या महामार्गांच्या उतारांवर आज आपल्या वाळ्याच्या रांगा आहेत. आणि आपण तो कूलरमध्ये घालतो.

लेआऊटच्या खालच्या अंगाला एक मोकळा तुकडा आहे, कागदावर बगिचासाठी राखीव, प्रत्यक्षात क्रिकेट आणि लग्नाचे मांडव. त्याच्याकडेचा नाल्याचा काठ आम्ही करून बघायला घेतला. आम्ही म्हणजे मी, बाबा, वरच्या मजल्यावरच्या ताई, आणि साहेब, जे खुर्ची टाकून बसायचे आणि चुका काढायचे. उतार फावड्यानंच काढला. पायथ्याला एका पाडलेल्या घराचे दगड. वाळ्याचे फुटवे एका रोपवाटिकेतून आणले. पाती वीतभर ठेवून छाटलेली, मुळं बोटभर. विशेष म्हणजे लागवडीसाठी वापरतात ती दक्षिणेकडची जात, रुजेल असं बी धरत नाही. जिथं लावाल तिथंच राहते. बेशरमच्या अगदी उलट. तिची मोडकी कांडी पाण्यानं वाहून गेली तरी जिथं अडकेल तिथं मूळ धरते. अमेरिकेच्या उष्ण भागातली बाई, आपल्याकडं आली आणि नाल्यानाल्यात बस्तान बसवून बसली. तिनंही माती धरून ठेवलेली असते, हे कबूल करायला हवं. पण ती काठ सोडून पात्रात उतरते, आणि मग पाणी दुसऱ्या काठाला खायला जातं.

फुटवे टीचभर अंतरावर लावायचे. ओळीत फट राहिली की पाणी तीच फट शोधतं आणि तिथूनच घळ पाडतं. बाबांचा हात यात फार सुरेख चालतो. डाव्या हातानं पहारीचं टोक रोवायचं, थोडं हलवायचं, उजव्या हातानं फुटवा सरळ आत सोडायचा, मुळं वर दुमडू द्यायची नाहीत, आणि टाचेनं दाबायचं. टाचेनंच, पंजानं नाही. पंजानं दाबलं की माती वरच दबते आणि मुळाजवळ हवा राहते. ताई दोन ओळी लावून कंबर धरून बसल्या. ‘अजी, हे शंभर फूट लावेपर्यंत तर दिवाळी येईल,’ त्या म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या आणि सोबत सुनेलाही घेऊन आल्या.

सगळं काही उगवलं नाही. करंजाच्या सावलीतला वाळा पिवळा पडत पडत गेला. या गवताला सावली सोसत नाही. तिथं मग निर्गुडी लावली, तिचं बरं चाललंय, शिवाय गाई-शेळ्या तिला तोंड लावत नाहीत. वाळ्याची कोवळी पाती मात्र शेळ्यांनी पहिल्याच महिन्यात साफ केली आणि बाबांनी काट्या आणून कुंपण केलं. त्याहून मोठा त्रास माणसांचा झाला. काठावर वाळा आहे ही बातमी पसरली. एका सकाळी मधल्या ओळीतले चार ठोंब गायब. खड्डे अगदी नीट, खुरप्यानं काढलेले. कुणाच्या तरी माठात पडले असतील. बाबा संतापले, मला हसू आलं, आणि मग तेही बंद झालं, कारण त्या चार खड्ड्यांतून पुढच्याच सरीत पाणी घुसलं आणि खालची दोन ओळींची माती घेऊन गेलं. ताईंनी तिथं एक पाटी लावली: ‘या गवताला वास येत नाही.’ खोटं आहे, पण चोरी थांबली.

एका पावसाळ्याचं सांगते. नाला दोनदा चांगला भरून वाहिला. वाळा पाण्याखाली आडवा झाला, पाणी गेल्यावर उठून उभा राहिला, आणि त्याच्या वरच्या बाजूला, ओळीमागं, बोट-दोन बोटं गाळ साचलेला होता. कडक पाती पाण्याचा वेग मोडतात, वेग मोडला की पाणी माती खाली टाकतं. त्या साचलेल्या गाळात ठोंबाच्या खालच्या गाठींना नवी मुळं फुटलेली दिसली, पांढरी, दोऱ्याएवढी. उकरून बघितली आणि पुन्हा झाकली. यावरून लगेच काही सिद्ध होत नाही, हे साहेब प्रत्येक वेळी बजावतात. २०२३ सारखा पाऊस अजून यावर पडलेला नाही. आणि दरवर्षी पावसाआधी पाती छाटायला हवीत, मेलेल्या जागी नवे फुटवे हवेत, जेसीबीवाल्याला हात जोडून सांगायला हवं की बाबा, मधला गाळ काढ, काठाला दात लावू नको. भिंत एकदा बांधली की काम संपतं, बिल निघतं, कोनशिला बसते. वाळ्याला कोनशिला कुठं बसवणार?

इथवर सगळं गोड आहे. मोकळ्या तुकड्यावरचा काठ म्हणजे परीक्षेच्या पेपरातला सोपा प्रश्न होता. खरा प्रश्न आमच्या घरांच्या मागचा.

वरच्या अंगाला, वळणावर, एका नव्या स्कीमवाल्यानं नाल्याला सिमेंटची उंच भिंत घातली. त्याचा काठ सुरक्षित झाला. पण सिमेंट गुळगुळीत. पाण्याला घासायला, अडायला, रेंगाळायला काही नाही. भिंत संपते तिथं पाणी वेगानं सुटतं आणि पहिली कच्ची माती मिळते ती आमच्या बाजूची. तेव्हापासून आमचा काठ जोरात खचायला लागला. साहजिकच लेआऊटमध्ये अर्ज फिरायला लागला: आम्हालाही भिंत हवी. मग आमच्या खालचे लोक भिंत मागतील, मग त्यांच्या खालचे, आणि शेवटी नाला म्हणजे दोन भिंतींमधली गटार होऊन सगळ्यांचं पाणी तेवढ्याच वेगानं नाग नदीत नेऊन ओतेल. मी हे सगळं मीटिंगमध्ये सांगितलं. जरा तावातावानंच सांगितलं. खालच्या तुकड्यावरचे फोटो दाखवले. म्हटलं, भिंतीऐवजी हेच आपल्या मागं करू.

सगळे साहेबांकडं बघायला लागले. त्यांनी चष्मा पुसला.

‘वहिनींचं सगळं बरोबर आहे,’ ते म्हणाले. ‘गवत बरोबर, दगड बरोबर, निर्गुडी बरोबर. पण गवत उभ्या काठावर नाही ना लागत. आधी उतार पाहिजे. खालच्या तुकड्यावर आपल्याला जागा होती म्हणून उतार निघाला. आपल्या मागं नाला आठ फूट खोल आहे. काळ्या मातीला एकास दोन तरी उतार द्यावा, म्हणजे एक फूट उंचीला दोन फूट आडवं. आठ दुणे सोळा.’ मग ते थांबले. ‘सोळा फूट कुणाच्या घरातून काढायचे?’

त्या खोलीत पंख्याशिवाय कशाचाच आवाज नव्हता असं म्हणणार नाही, कारण लगेच सगळे एकदम बोलायला लागले. कुणी म्हणालं पलीकडच्या काठाकडून घ्या, तिकडं प्लॉट रिकामे आहेत. कुणी म्हणालं सरकारी नकाशात नाला अजून तिकडं दाखवलाय, आपण उगाच का हलायचं. कुणी तीस बाय पन्नासमधून सोळा वजा करून दाखवले. ताई म्हणाल्या, ‘अन् आमचं पार्किंग?’ घरी आल्यावर मी टेप काढली. काठाच्या कडेपासून आत मोजत आले. कंपाउंडची भिंत, मग पारिजातक, मग हिवाळ्यात कूलर झाकून ठेवतो ते पत्र्याचं शेड, मग मोरी. सोळावा फूट आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्याखाली पडला, सिलिंडरच्या थोडा पुढं.

तेव्हापासून मी सिमेंट विरुद्ध गवत या भांडणात तितक्या उत्साहानं उतरत नाही. नाल्याला पावसाळ्यात पसरायला जागा लागते, उतरायला उतार लागतो. ती जागा त्याची होती आणि आपण ती चौरस फुटाच्या दरानं विकत घेतली, रजिस्ट्री करून, सत्यनारायण घालून, कुणालाही न फसवता. मामेभावानं संत्र्याच्या दोन ओळी घेतल्या, मी ओटा घेतला. भिंत बांधायची वेळ येते ती गवतावर आपला विश्वास नसतो म्हणून नाही. जागा परत द्यायची नसते आणि सिमेंट हे एकच असं आहे जे उभं राहायला जागा मागत नाही. वाळा मागतो. मी स्वतः वाळ्याची वकील आहे आणि मला ओटा हलवायचा नाही.

साहेबांनी नंतर एक मधला मार्ग कागदावर काढून दिला. आमच्या मागं पायथ्याला तारेच्या जाळीत दगड भरून गॅबियन, एकावर एक पण प्रत्येक थर जरा मागं सारलेला, पायऱ्यांसारखा. सिमेंट नाही, म्हणजे मागचं पाणी दगडांतून निथळून बाहेर येईल आणि पूर ओसरल्यावर काठावर भार राहणार नाही. प्रत्येक पायरीवर मातीचा कप्पा, त्यात निर्गुडी आणि जिथं ऊन आहे तिथं वाळा. यालाही जागा लागते, पण सोळा फूट नाही. कंपाउंडची भिंत आत घ्यावी लागेल, पारिजातक जाईल, शेड जाईल. सात घरांपैकी चार तयार आहेत. ताई तयार आहेत, स्कूटर समोर लावायची ठरवली आहे. भिंतीचा अर्जही दुसरीकडं चालूच आहे, त्यावर बऱ्याच सह्या आहेत, आणि त्या लोकांना मी मूर्ख म्हणू शकत नाही. २०२३ ला त्यांच्याही मागच्या दारात पाणी होतं.

दगड पावसाआधी टाकायचे आहेत, म्हणून सध्या रोज मागच्या अंगणात मापं चालतात. काल साहेब आले होते. मी विचारलं, हे किती टिकेल? ‘नीट राखलं तर दहा-बारा पावसाळे,’ ते म्हणाले.

‘आणि मग?’

‘मग तुमचा ओटा, वहिनी.’